सदोष जीभ आणि वाटाण्याचे सूप

तीर्थस्वरूप वहिनींस,

साष्टांग नमस्कार. (पोटावर भार देण्यास सध्या मनाई असल्यामुळे तो मनाने घातलेला समजावा.) आपली प्रकृती उत्तम असेलच. दादाने जिना उतरताना कठडा धरावा, हे मी त्याला तीनदा बजावले आहे, आपणही बजावावे. आपल्या दोन घरांत बसचे अवघे तीन थांबे असताना मी पत्र का लिहितो, हे आपण जाणताच. सव्वा वर्षापूर्वी आपल्या टेबलावर मी वाटाण्याच्या सूपला ‘अळणी’ म्हणालो, कोटाच्या खिशातून स्वतःची मिठाची डबी काढली आणि पाहुण्यांदेखत ती तीनदा झटकली. ‘भाऊजी, पुढच्या वेळी सूपही घरूनच आणा,’ असे आपण म्हणालात आणि ती पुढची वेळ आजवर आलेली नाही. रविवारच्या जेवणाची माझी खिडकीजवळची खुर्ची मला परत हवी आहे. मात्र मी माफी मागत आहे असा समज कृपया करून घेऊ नये. मोजमापातील एक चूक कळवीत आहे, इतकेच.

झाले असे की, हिवाळ्यापासून जेवणानंतर माझ्या पोटात जळजळ होऊ लागली. पोट तट्ट फुगे आणि तहान तर अशी की एका व्याख्यानात पाण्याची बाटली रिकामी होई. तीस वर्षे मोजमापाचे शास्त्र शिकवणारा माणूस अशा वेळी घाबरत नाही, कारण शोधतो. माझ्या शोधात कॉलेजच्या उपाहारगृहाचे तेल, हिच्या हातची मिरची आणि शिक्षकांच्या खोलीतील खुर्ची (तिची उंची तीन सेंटिमीटरने चुकली आहे, हे मी आजही म्हणेन) असे तिघे दोषी ठरले. ‘खुर्चीत बसून कुणाचं पोट जळतं का हो? डॉक्टरकडे जा,’ असे ही म्हणाली, म्हणून गेलो. डॉक्टरीणबाई माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. (अकरावीत ‘मोजमापातील त्रुटी’ या प्रकरणात ती जेमतेम उत्तीर्ण झाली होती, त्यामुळे माझा विश्वास बेताचाच होता.) तिने आठवडाभराच्या खाण्याची नोंद मागितली. मी अनुक्रमणिकेसह एकोणीस पाने दिली. ती चाळून तिने विचारले, ‘सर, यात मीठ कुठंय?’ मीठ हे खाद्य नसून दुरुस्ती आहे आणि दुरुस्तीची नोंद आहारात होत नाही, असे मी समजावून सांगितले. ‘मग दुरुस्तीचंच वजन करून आणा,’ ती म्हणाली. सकाळी भरलेली डबी संध्याकाळी पुन्हा तोलली, तर नऊ ग्रॅम घट! दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून पाच ग्रॅम पुष्कळ झाले म्हणे; आणि माझ्या नऊमध्ये स्वयंपाकातले मीठ धरलेलेच नव्हते. मग घशातून दुर्बीण घातली गेली. ‘जठराला आतून एक चिकट थर असतो, सर. तो जठराला आम्लापासून वाचवतो. रोज एवढं मीठ ओतलंत की तो थर दुखावतो आणि जंतूंचं फावतं. तुमचं आतून लाल झालंय. व्रण नाही झाला, हे नशीब समजा.’ एवढे सुनावून तिने माझी डबी काढून घेतली. तिचे विवेचन मुद्देसूद होते, हे मला नाइलाजाने नमूद करावे लागते.

तरीही माझी जीभ चुकेल हे मला मान्य नव्हते. मी प्रयोगशाळेत सहा पेले मांडले, प्रत्येकात आधीच्या दुप्पट मीठ, क्रमांक झाकलेले. आमच्या सहायकाला, हिला आणि भौतिकीच्या विभागप्रमुखांना (ज्यांच्या इतर कोणत्याही मताला मी किंमत देत नाही) खारटपणा दुसऱ्याच पेल्यात कळला. मी पाचव्या पेल्यापर्यंत ‘शुद्ध पाणी’ असे लिहीत गेलो. सहायकाने अदबीने विचारले, ‘सर, बिघडलेलं उपकरण आपण माळ्यावर टाकतो. या जिभेचं काय करायचं?’ ही इतकी हसली की सहावा पेला टेबलावर लवंडला.

त्यानंतर दोन आठवडे जेवण ओल्या टीपकागदासारखे लागले. ते कोणी केले, कसे केले, याची चौकशीही मी सोडून दिली. पाचव्या आठवड्यात मात्र एका उकडलेल्या बटाट्याला चव आली. बटाटा किंचित गोड असतो, हे मला या वयात समजले. मी चमचा खाली ठेवून काही वेळ नुसताच बसलो, तेव्हा मला बरे वाटत नाही की काय हे पाहायला ही धावत आली. वहिनी, मला फारच बरे वाटत होते. आता जळजळ थांबली आहे, पट्टा दोन भोके आत गेला आहे आणि मी दिवसातून बऱ्याच वेळा विनाकारण समाधानी असतो.

सबब, ‘अळणी’ हा निकाल सदोष उपकरणाने दिला गेल्यामुळे तो रद्द समजावा.

आपला धाकटा दीर

ता. क. माझी डबी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर कागद दाबून बसली आहे. मला जेवायला बोलावण्यात आता कोणताही धोका उरलेला नाही.

ता. क. २. पाकीट बंद करण्यापूर्वी हे पत्र हिला वाचून दाखवले. ती म्हणते, गेले चार बुधवार दादा गप्पा मारायला येतो तेव्हा स्वयंपाकघरात एक डबा ठेवून जातो आणि त्यात आपले वाटाण्याचे सूप असते. मी ते हिचे म्हणून खात होतो. परवा तिसरी वाटी मागून ‘सव्वीस वर्षांनी तुला सूप जमले’ असे प्रशस्तिपत्रही दिले. ‘आधी त्यांचं मीठ सुटू दे, मग सांगू,’ असे आपण दोघींनी ठरवले होते म्हणे. पदार्थ कोणाचा हे परीक्षकाला ठाऊक नसणे, हीच चाचणीची सर्वांत निर्दोष पद्धत असल्यामुळे मला हरकत घेता येत नाही.

ता. क. ३. तेव्हा वरची चार पाने वाचली नाहीत तरी चालेल. रविवारी बारा वाजता चारही डबे परत करायला येतो. ते रिकामे नेऊ नयेत असे ही म्हणते, पण तुमच्या सूपनंतर त्यांत घालण्याजोगे आमच्या घरात काही नाही. वहिनी, माझे चुकले.