हँडलचा बोल्ट

गॅरेज उघडशील तेव्हा दचकू नकोस, चोरी झालेली नाही. तुझी सायकल मी सुटी केली आहे. सगळे भाग जुन्या चादरीवर क्रमाने मांडलेत, पाय देऊ नकोस.

कारण तुला ठाऊक आहे. या सायकलीला जागा हवी म्हणून मंगळवारी तू टेबलफॅन भंगारवाल्याला देऊन टाकलास. तुझ्या लेकीने तो दोन महिने खपून दुरुस्त केला होता. तीनदा चुकली, तीनदा मी तिला पुन्हा उघडायला लावला. शेवटी पात्याचा एक नट तेवढा बसवायचा राहिला होता. तो मुठीत धरून ती आली, तर तिथे तुझी सायकल उभी. तू म्हणालास, "अगं, नवा आणू की!" ती रडली नाही, म्हणून तुला वाटलं मिटलं.

सायकल खोलताना तिला शेजारी बसवलं होतं. कुठला भाग कुठे जातो ते तिला पाठ आहे. रविवारची शर्यत गाठायची असेल तर तिच्याकडे शिकवणी लाव. ती हात लावणार नाही, नुसतं सांगेल. चुकलास तर पुन्हा उघडायला लावेल. ती चिडणार नाही, तूही चिडू नकोस.

मी तुझ्या आत्याकडे चाललोय. हँडलचा बोल्ट माझ्या खिशात आहे. भंगारवाल्याने पंखा अजून तोडलेला नाही, मी विचारून आलो. मलाही आणता आला असता. मुद्दाम आणला नाही.

पंखा तिच्या हातात दे, मग बोल्ट मागायला ये.

— बाबा