जिन्याचं वळण

रविवार, संध्याकाळ

आईला त्या सिनेमाला न्यायलाच नको होतं. 'विनोदी आहे' एवढंच ऐकलं होतं मी. पडद्यावर खुनामागून खून, आणि लोक खो खो हसतायत. तेही चाललं असतं. पण मग दोन गुंड प्रेत घेऊन जिना उतरायला लागले आणि वळणावर अडकले. मागची पोरं शिट्ट्या मारत होती.

मागच्या वर्षी बाबांना खाली नेताना आमच्या बिबवेवाडीच्या बिल्डिंगमध्ये असंच झालं होतं. लिफ्ट नाही, जिना अरुंद. वळणावर कपाट अडकावं तसे अडकले. "तिरकं करा, डावीकडे घ्या." त्यात सोसायटीचे चेअरमन दारातून म्हणाले, "अहो, भिंतीला रंग नवीन आहे, जरा सांभाळून!" आईने ते ऐकलं होतं का? मी कधी विचारलंच नाही.

आज घाबरत तिच्याकडे पाहिलं, तर ती तोंडाला पदर लावून हलत होती. रडतेय वाटलं. हसत होती! बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मला रागच आला. या सिनेमाला हसावं तिने?

घरी जिना चढताना त्याच वळणावर ती थांबली. भिंतीवरचा तेव्हाचा ओरखडा अजून आहे. त्यावर हात फिरवत म्हणाली, "सिनेमावाल्यांना जमलं नाही गं. रंग सांभाळा म्हणणारा माणूसच नव्हता त्यात."

मी मटकन पायरीवर बसले आणि हसत सुटले. तीही बसली. चेअरमननी दार किलकिलं करून पाहिलं. बघू देत.