इंजिनाचा निःपक्षपाती अभ्यास

३ सप्टेंबर
पेट्रोल विरुद्ध इलेक्ट्रिक हा प्रश्न आजपासून भावना बाजूला ठेवून अभ्यासायचा. हे जाऊन तीन वर्षं झाली. त्यांची जिप्सी पुतण्या नागसेन सफारीला चालवतो. पावसाळ्यात बंद असलेलं मोहर्लीचं जंगलाचं गेट १ ऑक्टोबरला उघडेल. तो म्हणतो, तोवर इंजिन काढून मोटर-बॅटरी बसवा, नाहीतर मी रिसॉर्टच्या नोकरीवर जातो. आठवड्यात निर्णय देते म्हटलं.

४ सप्टेंबर
रोजच्यासारखी पहाटे साडेपाचला जिप्सी सुरू करून स्वयंपाकघरात येऊन बसले. इंजिन लांबून ऐकलं की दोष कळतो. पंचवीस मिनिटं ऐकलं. दोष नाही. शेजारची मंगली म्हणाली, कमलाबाई, सफारी बंद हाय, रोज कुठी जाऊन राह्यल्या? मेंटेनन्स सगळ्यांना समजत नाही.

९ सप्टेंबर
विहाराच्या वाचनालयात मासिक वाचलं. पेट्रोल इंजिनाला अजून बरीच वर्षं आहेत, असा एक परिच्छेद. पुढचे तीन उलट दिसले. छपाई बारीक होती, सोडून दिले.

११ सप्टेंबर
निर्णय पुढे ढकलला. वाचन अपुरं.

१४ सप्टेंबर
रिसॉर्टच्या इलेक्ट्रिक जिप्सीत बसून पाहिलं. धूर नाही, हादरा नाही. नापास. आवाज नसेल तर जनावराला कळणार कसं? नागसेन म्हणाला, काकू, वाघाले आवाज नाई पाह्यजे, तुमालेच पाह्यजे. उद्धट होत चालला आहे.

१८ सप्टेंबर
नागसेनने परस्पर बोलावलेले नागभीडचे मुश्ताकभाई मेकॅनिक इंजिन काढायला आले. थंड इंजिनाला एकदम रेस दिली. अशा हातात गाडी द्यायची नाही. चहा पाजून परत पाठवलं. जाताना म्हणाले, भाभी, हरिदासभाऊ भी अशीच रेस देत होते.
देत असत. ती गोष्ट वेगळी.

२० सप्टेंबर
नागसेनने रिसॉर्टचा शर्ट घालून दाखवला. त्याला शोभत नाही. मुश्ताकभाईंना फोन केला, या म्हटलं. हा निर्णय पूर्णपणे वाचनावर आधारित आहे.

१ ऑक्टोबर, सकाळी ७
जिप्सी काल रात्री मोटर बसवून आली. पहाटे नागसेनला म्हटलं, सुरू कर, मी आतून तपासते. स्वयंपाकघरात जाऊन बसले. बराच वेळ बसले. शेवटी तो दारात येऊन म्हणाला, काकू, गाडी कवाचीच चालू हाय, पर्यटक वाट पाहून राह्यले. मी म्हटलं, मग जा.
तो केव्हा निघाला ते कळलं नाही.
गाडीत दोष नाही.