मिलकाच्या दगडावरील तारीख

मी, हनोख अब्राहम थळकर, बी. एस्सी., वय ७८, जातीने बेने इस्राएल, निवृत्त सरकारी भूमापक, राहणार रेवदंडा, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. दडपण आणील असे घरात कोणी उरलेलेही नाही.

१. राहते घर, नारळाची बारा झाडे व बँकेतील ठेव एकुलती कन्या मृणाल हिला. येथे येऊन राहण्याची अट नाही.

२. यहुदी इतिहास शिकण्यासाठी तिने परदेशी विद्यापीठात प्रवेश घेतला, तेव्हा मी म्हणालो होतो, "आपण यहुदी आहोतच, त्याची परीक्षा कशाला? पोट कशावर भरशील?" त्यावर माझी पत्नी मिलका म्हणाली, "जमीनही होतीच की. तुम्ही ती मोजायचा पगार घेतलातच ना?" मृणाल आज तेथील संग्रहालयात कोकणातली जुनी पत्रे व थडग्यांवरील लेख वाचते, त्यावरच तिचे पोट भरते. माझे म्हणणे मी मागे घेतो.

३. मिलका ९ नोव्हेंबर २०२२ रोजी सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वारली. दाखल्यावरील तारखेवरून मी कबरीच्या दगडावर १५ हेश्वान ही यहुदी तारीख कोरविली. वर्षाने दगड बसविताना मृणाल म्हणाली, "पप्पा, आपला दिवस सूर्यास्ताला बदलतो. मम्मी सोळाला गेली."

माझ्या मोजणीविरुद्ध कधी अपील झाले नव्हते. "चार बुकं शिकून बापाला तारीख शिकवतेस?" असे मी सर्वांसमक्ष बोललो. ती दुसऱ्या दिवशी परत गेली. तेव्हापासून बोलणे नाही.

दर शुक्रवारी सूर्य मावळताच शब्बाथ पाळणाऱ्या माणसास हे ठाऊक नव्हते, असे म्हणता येत नाही. तरीही गेल्या वर्षी मी तिच्या पुण्यतिथीचा स्मरणाचा दिवा पंधरा तारीखच धरून, जाणूनबुजून एक संध्याकाळ आधी लावला.

४. नवा दगड करू नये. त्याच दगडावर तारीख दुरुस्त करावी; खालचा जुना आकडा दिसला तरी चालेल.

५. माझ्यासाठी कद्दीश, म्हणजे मृताची प्रार्थना, मृणालने म्हणावी. रीतीने दहा पुरुष लागतात. गावात मला धरून तिघे आहोत. जमले नाहीत तरी म्हणावी.

६. शेजारी धनेश साक्षीदार असल्याने त्यास मृत्युपत्रातून काही देता येत नाही. म्हणून पितळी होकायंत्र आजच हाती दिले. तो म्हणाला, "काका, होडीवर जीपीएस हाय, याचं मी काय करू? त्यापेक्षा पोरीला फोन करा. फोन काय मोडलेला न्हाय तुमचा."

फोन मोडलेला नाही, हे खरे आहे.

साक्षीदार: धनेश नामा कोळी, सोनूबाई सदा कोळी
सही: ह. अ. थळकर
स्थळ: रेवदंडा
दिनांक: ६ नोव्हेंबर २०२५, सूर्यास्तानंतर, म्हणून १६ हेश्वान. दिवा आज लावला.

तारीख मृणालकडून फोनवर तपासून घेतली. बरोबर आहे.