स्टीलचा की ॲल्युमिनियमचा

भुईगाव
५ जानेवारी २०२५

चि. देवेशला अ. उ. आशीर्वाद.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुझी आई तिच्या मनाने सांगते, म्हणून हे पत्र. तुझ्या पिकअपचं काम हातात घेतलंय. वालीवच्या गॅरेजमधला टोनी पुढे स्टीलचाच बंपर लावा म्हणतो. डोंगरात दगडावर आपटून वाकला, तरी ठोकून सरळ करता येतो म्हणे. मला तर ॲल्युमिनियम म्हटलं की जेवणाचा डबाच आठवतो. पण फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन रानवाटा तू तुडवणार, तेव्हा निवड तुझी. गाडी मी रोज सकाळी विहिरीच्या पाण्याने चकचकीत धुतो. खारा वारा अंगाला लागू देत नाही.

वाडीतल्या केळीची पानं कडेने करपताहेत, खत जास्त झालं असावं. गाडी तयार झाली की नोकरी सोडून कायमचा येतो म्हणालास, ते विसरू नकोस. तू वाडी हातात घेतलीस की मी सुटलो.

तुझे बाबा

पुणे
१४ जानेवारी २०२५

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

अहो, डबा काय म्हणता! ॲल्युमिनियम गंजत नाही, वजनाला हलका, गाडी पुढे दबत नाही. फुटला तर मात्र गावात कोणी जोडून देणार नाही, हे खरं. तुमची सून इशिता म्हणते, समुद्राकाठी राहायचं तर न गंजणाराच घ्या. तिने वसईत रेवाच्या शाळेची चौकशीसुद्धा केली. तेव्हा ॲल्युमिनियमचाच ठरवा.

मार्चअखेर राजीनामा देतो. इथे आता एक दिवस काढवत नाही. तुम्ही गाडी लेकरासारखी सांभाळलीत, म्हणून हे सगळं जमतंय. आईला नमस्कार. लोभ आहेच, तो असाच मुरू द्या.

आपला,
देवेश

भुईगाव
२ फेब्रुवारी २०२५

चि. देवेशला आशीर्वाद.

बंपर आला. छान आहे, मी एकट्याने उचलला. तो बसवायला टोनीने गाडी वर घेतली आणि चासीवर हातोडी मारून पाहिली, तर ती आतच गेली. गाडीचा सांगाडा खालून सगळा गंजून पोकळ झालाय. स्टील काय नि ॲल्युमिनियम काय, आता अडकवायचा कशाला, असं त्याने मलाच विचारलं. गाडी समुद्रात घालत होता का, असंही विचारलं. मी भांडलोच त्याच्याशी. चाक वाळूला लागू दिलं नाही, रोज गोड्या पाण्याने धुतली, म्हटलं.

घरी येऊन विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं नि प्यायलो. थुंकावं लागलं. दारात नळ आल्यापासून आपल्याकडे ते पाणी कोणी तोंडाला लावलंच नव्हतं. झाडांना सोडायचं आणि गाडीवर ओतायचं, एवढंच. मग शेजारी एरॉलच्या विहिरीचं चाखलं, तेही खारट. त्यानेही कित्येक वर्षांत चाखलं नव्हतं. म्हणजे केळी खताने करपत नव्हती. पानवेलीही बुडापासून पिवळ्या पडल्यात.

दुसरी विहीर खणूनही उपयोग नाही, खाली सगळीकडे समुद्राचं तेच खारं पाणी शिरलंय. गाडी एखाद वेळेस दुसरी घेता येईल, वाडी कुठून आणू? मला फार वाईट वाटतंय रे, काल रडूही आलं. तुझी आई तुमच्या खोलीला रंग काढायला बसलीय. तिला अजून सांगवलं नाही.

राजीनामा देऊ नकोस. दिला असशील तर साहेबांच्या हातापाया पड, पण परत घे. रेवाला तिथल्याच शाळेत राहू दे. इकडे येऊ नकोस.

तुझे,
बाबा