दादाचा चेहरा

भाद्रपद व. ५, १९२७
दादाच्या श्राद्धाची पानं उठली. कावळा शिवला, सगळं रीतसर. भिंतीवर मात्र त्याचा फोटो नाही, कारण तो कधी काढलाच नाही. महायुद्धात बसऱ्याच्या लढाईत तो पडला, नि त्याची दोन पदकं तेवढी घरी आली. आबा हात धुता धुता म्हणाले, खंडेनवमीला शस्त्रांशेजारी त्याचं चित्र पाहिजे, वर्दीतलं, तू काढ. सुभेदारांचा हुकूम. पेन्शन घेतली तरी हुकूम काही सुटत नाहीत.

मीही मग मुंबईच्या चित्रशाळेत शिकायला जायचा विषय काढला. गिरगावात मावशी आहेच. आबा म्हणाले, आधी चित्र बघू. जमलं तर मुंबई, नाहीतर वेळापूरचं स्थळ आहे. मुलगा पलटणीत नाईक.

व. ८
कागद ताणून बसवला. वर्दी सुचते, फेटा सुचतो, चेहऱ्याची जागा कोरी. दादा गेला तेव्हा मी नऊ वर्षांची. तळ्यावर जाताना नेहमी त्याच्या खांद्यावर. त्याचे केस आठवतात, मानेवरचा तीळ आठवतो. खांद्यावर बसणारीला चेहरा कुठून दिसणार.

व. ११
आईला विचारलं, दादाचं नाक कसं होतं गं. तुझ्यासारखंच की. ओठ? तेही तुझ्यासारखेच. मग पदराने डोळे पुसून भाकरी थापायला लागली.

दुपारी परसात ऊन पिवळंधमक. बघता बघता त्या उन्हात दादा उभा. पाठमोरा. वळ ना, म्हटलं. वळला नाही. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेलं आणि बोलणी खाल्ली. वेळापूरला अशी वेंधळी सून चालेल का, असंही ऐकून घेतलं. न चालली तर बरंच.

व. १३
युक्ती सापडली. आबा बाजारात गेलेले. त्यांचा जुना खाकी कोट घातला, केस फेट्यात कोंबले, दादाची पदकं डाव्या छातीवर लावली, जवान लावतात तशी. आईच्या आरशापुढे बसले. कोट भलताच जड. पदकं हलली की बारीक वाजतात. आरशातला जो कोण होता तो हसेना, पण ओळखीचा होता. दिसेल तसं काढत गेले. भूकही लागली नाही.

आश्विन शु. ४
रंग चाललेत. खाकी म्हणजे नुसती माती नव्हे, त्यात थोडं हिरवं घालावं लागतं, नि सावलीत जांभळं. ब्रश धुताना मुंबई मनात येते. समुद्र पाहिलेला नाही. आपलं तळंच दहापट करून धरलंय, पलीकडचा काठ पुसून.

शु. ८
आबांना चित्र दाखवलं. चष्मा लावून पुष्कळ वेळ बघितलं. बोट पदकांवर ठेवलं. ही उजव्या छातीवर कशी?

आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, हे ध्यानातच आलं नाही. आणि म्हणे ड्रॉइंगच्या दोन परीक्षा पास. कोट, फेटा, आरसा, सगळं सांगून टाकलं.

आबा खाली बसले. म्हणाले, "जवान आपली पदकं डावीकडं लावतो. तो मेला, की घरचं माणूस त्याची पदकं लावतं, ते उजवीकडं. फौजेची रीतच हाय ती."

मग हळूच, "म्हंजे हा माझा पोरगा न्हाय. ही तू हायेस."

चित्र उचलून आत घेऊन गेले. झालं, वेळापूर. फार रडले. मुंबई गेली म्हणून की दादा सापडला नाही म्हणून, ते माझं मलाच उमगेना.

शु. ९, खंडेनवमी
सकाळी बघते तर पाटावर तलवार, संगीन, आबांची पदकं आणि शेजारी माझं चित्र. काहीच कळेना. आई झेंडूचा हार घेऊन आली नि चित्राला घालायला वाकली. आबांनी तिचा हात धरला.

"तलवारीला घाल. जित्या माणसाच्या तसबिरीला हार घालत न्हाईत."

आई आधी चित्राकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. हार तलवारीला घातला. मला कधी नव्हे ते जवळ घेतलं.

दसरा
वेळापूरची माणसं परवा येतायत, असा सांगावा आला. आबांनी या म्हटलं नाही, येऊ नका असंही नाही.

सोनं द्यायला गेले तेव्हा आबा बैठकीत खिळे ठोकत होते. एकावर माझं चित्र लागलं. त्याच्या शेजारी दुसरा खिळा, रिकामा. पाया पडले तेव्हा त्या खिळ्याकडे बघत म्हणाले, "हितं त्यो. त्याचा चेहरा काढायला अजून शिकावं लागंल तुला."

कुठं, ते सांगितलं नाही.