लोगोवर अडकलेला फोन

सोमवार, ४ तारीख

एखाद्या माणसाचा इतका राग यावा, यासाठी त्याने नेमकं किती वाईट वागलेलं असावं लागतं? मला सांगता येत नाही. गोदामातल्या साहेबांनी बाबांवर हात उचलला नाही, शिवीही दिली नाही. फक्त बाबांचा फोन उंच धरून सगळ्या ड्रायव्हरांना दाखवला. "काका, हा फोन आहे की पाटी? पोरगी ग्रॅज्युएट झाली म्हणता ना, तिला सांगा, बापाला एक फोन घेऊन दे म्हणावं." सगळे हसले. बाबाही हसले. हे मला शेजारच्या काकांनी सांगितलं, तेही तिथेच गाडी चालवतात. बाबांचं ते हसणं मी पाहिलं नाही, तरी डोळ्यांसमोरून जात नाही.

कारण एवढंच — डिलिव्हरीचं ॲप आता नव्या सिस्टीमवरच चालतं. बाबांचा फोन जुना. ॲप नाही तर फेरी नाही, म्हणून बाबा घरी. नवा फोन घ्यायचा तर आईची औषधं थांबतात.

फोन आधी माझा होता. अख्खी पदवी मी त्याच्यावर वाचली. त्याला पाटी म्हणतात!

ठरवलंय. याच फोनवर ॲप चालवीन आणि साहेबांच्या हातात तो मी स्वतः ठेवीन.

मंगळवार, ५

कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनांसाठी हौशी लोक नवं फर्मवेअर बनवतात, म्हणजे फोनची अख्खी सिस्टीमच. आणि फुकट देतात. आमच्या मॉडेलचंही आहे. जगात भली माणसं आहेत हे मधूनमधून कळलेलं बरं असतं. नाहीतर मी पार कडू होऊन जाईन.

लॅपटॉपला फोन दिसतच नव्हता. ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला फोन ओळखायला लावणारे प्रोग्रॅम, टाकले, काढले, पुन्हा टाकले. बाबा म्हणाले, "एक ड्रायव्हर घरी रिकामा बसलाय, तो चालेल का बघ." शेवटी कळलं, केबल नुसती चार्जिंगची. तिच्यात डेटाच्या ताराच नाहीत. अख्खी दुपार पाण्यात.

बुधवार, ६

बाबांचे फोटो काढून ठेवले. मग फोनचं आतलं कुलूप उघडलं. त्यात फोन आपोआप पुसला जातो, तसा गेला. तो पुन्हा चालू होऊ दिला, सगळं ठीक होतं. नवी फाइल चढवली — नकार. ही या फोनसाठी नाही म्हणे. नाव तेच, मॉडेल नंबराचं शेवटचं अक्षर वेगळं. नेटवर कोणीतरी लिहिलंय, तपासणी बंद करा आणि जबरदस्तीने चढवा. हात शिवशिवले. पण फोन कायमचा मेला असता आणि साहेबांना आणखी एक विनोद मिळाला असता. नाही केलं.

गुरुवार, ७

बरोबर फाइल मिळाली. चढली. फोन सुरू होताना फिरतो तो लोगो आला.

शुक्रवार, ८

अजून लोगोच.

आई म्हणते, "तो तिथे गोल गोल फिरतोय आणि तू इथे. आधी जेव." भांडी घासता घासता मी मनात साहेबांशी भांडते. एकेक उत्तर असं धार लावून ठेवलंय की त्यांना बसायला खुर्ची शोधावी लागेल.

शनिवार, ९

चूक माझीच. कुलूप उघडताना फोन पुसला गेला होता, म्हणून पुढची पुसायची पायरी मी गाळली. एकदा पुसलाय, परत कशाला? पण मधे जुनी सिस्टीम चालू झाली आणि तिने आपला संसार पुन्हा मांडून ठेवला. नवीला तो उघडता येईना. पुन्हा पुसलं. चहा निवायच्या आत फोन उठला!

ॲपही चाललं. त्याने विचारलं — तुमचं ठिकाण कायम दिसू द्यायचं, की फक्त ॲप वापरताना? मी पुन्हा वाचलं. जुन्या सिस्टीमने असं कधी विचारलंच नव्हतं. तिथे हो किंवा नाही, एवढंच. आणि नाही म्हटलं तर काम नाही. आईला दवाखान्यात नेलं होतं त्या सुट्टीच्या दिवशी साहेबांचा फोन आला होता — "काका, दवाखान्यापाशी उभेच आहात तर एक फेरी मारून टाका." बाबांना वाटलं होतं, कोणीतरी पाहिलं असेल. पाहिलं होतं ॲपने, आणि साहेबांना नकाशावर दाखवलं होतं.

शेजारच्या काकांना दाखवलं. म्हणाले, "अगं, म्हणून तर आम्ही साहेबाला दुर्बीण म्हणतो. मला वाटायचं, जागोजाग माणसं पेरलीत."

बाबा म्हणाले, "आहे तसंच राहू दे. उगाच डोळ्यावर यायला नको." मग 'कायम' निवडलं. दात-ओठ खाऊन.

सोमवार, ११

बाबांबरोबर गोदामात गेले. फोन साहेबांच्या हातात ठेवला.

"अरे वा, चालतंय की! हुशार आहे हो काका तुमची मुलगी."

"तुम्ही याला पाटी म्हणाला होतात."

"मी? कधी?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. आठवडाभर ज्या माणसाशी भांडले त्याला पत्ताच नाही. धार लावलेलं सगळं वाया गेलं. वर म्हणतात कसे, "बेटा, असे जुने फोन अजून बऱ्याच जणांकडे आहेत. फेऱ्या अडल्यात. देशील करून? वर तुझं नाव सांगतो."

देते म्हटलं. इतक्या गोड आवाजात, की बाबांनी वळून पाहिलं.

रविवार, १७

सगळे फोन काल परत केले. एकेका ड्रायव्हरला, नव्या फोनवाल्यांनाही, शेजारी बसवलं, तो प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला आणि बोट त्याचं त्यालाच ठेवायला लावलं. फक्त ॲप वापरताना. सगळ्यांनी तेच निवडलं. बाबा कोपऱ्यात उभे राहून बघत होते. शेवटी आपला फोन घेऊन आले आणि म्हणाले, "ते कुठे बदलायचं, दाखव."

आज सुट्टी आहे. साहेबांच्या नकाशावर कोणीही नाही.